दम्याला सुई नव्हे, शिकवण हवी

'दमा दमाबरोबरच जायचा' असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणत. जीव जाईल तेव्हाच हा रोग जाईल, असा त्याचा अर्थ. या म्हणण्यात निम्मे सत्य आहे आणि निम्मे असत्य. दमा समूळ नाहीसा होईल अशी हमी आजही कोणी प्रामाणिक डॉक्टर देणार नाही, हे सत्य. परंतु तो आहे तोवर माणसाला छळणारच, हे असत्य. नियमित उपचार मिळालेला दमेकरी शेतात राबतो, शाळेत शिकवितो आणि रात्री आडवा होऊन झोपतो. ज्याला ते मिळाले नाहीत तो भिंतीला टेकून उजाडण्याची वाट पाहत बसतो. दोघांचा रोग एकच असतो. फरक असतो तो त्यांना भेटलेल्या वैद्यकाचा. हा फरक औषधाच्या किमतीपेक्षा, डॉक्टरने रोग्याशी केलेल्या किंवा न केलेल्या दहा मिनिटांच्या संभाषणाने अधिक पडतो, असे माझे मत आहे.

सुजलेला चेहरा

हे मत पुस्तक वाचून बनलेले नाही. माझी आई पाथर्डी तालुक्यातील एका खेड्यात दम्याने आयुष्यभर झिजली. १९८० च्या आगेमागेची ही गोष्ट. बाजरीची खळी सुरू झाली, भुसा उडू लागला, पाठोपाठ थंडी आली की तिची छाती भरू लागे. रात्री दोन-अडीचच्या सुमारास खोकल्याची उबळ येई आणि मग छातीतील घरघर पलीकडच्या खोलीत ऐकू येई. पहाटे बैलगाडीत घालून तिला बाजाराच्या गावी न्यावे लागे. तेथील डॉक्टर सज्जन होते. ते शिरेतून सुई देत, तासाभरात तिला बोलता येई, आणि निघताना कुटलेल्या गोळ्यांच्या पुड्या मिळत. पुडीत काय आहे हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. औषधाचे नाव विचारणे म्हणजे डॉक्टरवर अविश्वास दाखविणे, अशी आमची समजूत होती.

पुडीने गुण येई, म्हणून पुडी चालू राहिली. दोन वर्षांत आईचा चेहरा गोल झाला, गाल वर आले. शेजारणी म्हणत, "बाई, आता कुठं तब्येत धरली तुम्ही." आम्हालाही आनंद वाटे. ती तब्येत नव्हती, ती स्टेरॉइडची सूज होती. पुढे ओट्यावरून उतरताना ती पडली आणि खुब्याचे हाड मोडले. वर्षानुवर्षे पोटात गेलेल्या त्या औषधाने हाडे ठिसूळ झाली होती, हे शहरातील दुसऱ्या डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले, तेव्हा फार उशीर झाला होता.

त्या काळी दुसरा इलाज नव्हता, असे म्हणून मी पुष्कळ दिवस मनाची समजूत घालीत असे. वस्तुस्थिती तशी नव्हती. श्वासनलिका मोकळी करणारे साल्ब्युटामॉल फवाऱ्याच्या रूपात १९६९ साली ब्रिटनमध्ये विक्रीस आले. नलिकेची सूज उतरविणारे स्टेरॉइड, थेट श्वासातून अत्यल्प मात्रेत घ्यावयाचे, १९७२ मध्ये आले. आपल्या देशात सिप्लाने असे फवारे सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात बनविण्यास आरंभ केला. म्हणजे माझी आई बैलगाडीत धापा टाकीत होती तेव्हा तिचे औषध जगात होते, देशातही होते. फक्त ते तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

सल केवळ भूतकाळाचा असता तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अलीकडे उसाच्या हंगामात एका साखर कारखान्याच्या परिसरातील तोडणी मजुरांच्या तळावर एक तरुण स्त्री भेटली. तिच्या पिशवीत तीन दवाखान्यांचे तीन कागद होते. तिन्हींवर सुईची नोंद होती, रोगाचे नाव एकावरही नव्हते. एक पंपही होता. तो रिकामा होता, आणि तो रिकामा आहे हे तिला ठाऊक नव्हते. दाबला की हवेचा आवाज येतो, म्हणजे औषध येते, अशी तिची समजूत होती. चार दशकांत बैलगाडी जाऊन मोटार आली. रोगी मात्र होता तेथेच आहे.

आग आणि धूर

दमा म्हणजे काय, हे रोग्याला साध्या शब्दांत सांगता येते. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला कायमची सूज असते. ती कमीअधिक होते, पण रोगी बरा दिसत असतानाही पुरती जात नाही. अशा नलिकेला धूळ, धूर, थंड वारा, सर्दी यांपैकी कशाचाही धक्का पुरतो आणि ती आवळली जाते. सूज ही आग आहे, धाप हा तिचा धूर. साल्ब्युटामॉलचा फवारा धूर हटवितो, आग विझवीत नाही. आग विझविण्याचे काम श्वासातून रोज घ्यावयाचे स्टेरॉइड करते. त्याचा परिणाम लगेच जाणवत नाही, म्हणून रोगी ते सोडून देतो आणि लगेच आराम देणाऱ्या फवाऱ्याला चिकटून राहतो. दम्याचा सारा घोटाळा या एका गोष्टीत आहे.

हा घोटाळा जिवावर बेतू शकतो. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या मृत्यूंची देशव्यापी चिकित्सा २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील जवळजवळ निम्मे मृत्यू नेहमीची देखभाल नीट झाली असती तर टळू शकले असते, आणि कित्येक मृतांना तात्पुरत्या आरामाचे फवारे वारेमाप दिले गेले होते, असे त्यात आढळले. दम्याच्या उपचारांची दिशा ठरविणाऱ्या 'ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा' या संस्थेने २०१९ पासून, केवळ तात्पुरत्या आरामाच्या फवाऱ्यावर कोणाही प्रौढ किंवा किशोरवयीन दमेकऱ्याला ठेवू नये, असा स्पष्ट सल्ला दिला आहे.

'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय' असे समज आपल्याकडे घट्ट आहेत. साधे गणित पाहावे. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असते आणि फवाऱ्याच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळी एका दाबाच्या चाळीसपट. गोळीतले औषध पोटातून रक्तात जाऊन सर्वांगात फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. फवाऱ्याचे बरेचसे काम जेथल्या तेथे होते. स्टेरॉइडचेही तेच. ज्याला आपण भितो तो पंप सौम्य आणि जिला निर्धास्तपणे गिळतो ती पुडी उग्र, असा हा उफराटा व्यवहार आहे. मात्र हे वाचून कोणी चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंद करू नयेत. तेही धोक्याचे असते. ते काम डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. चरकसंहितेत तमकश्वासाचे वर्णन आहे. या रोग्याला बसल्याने बरे वाटते, निजल्याने त्रास वाढतो, ढगाळ आणि थंड हवेत रोग बळावतो, हे त्यात नोंदले आहे. रोग नवा असेल तर साध्य, एरवी तो 'याप्य' आहे, असा चरकांचा निर्णय. याप्य म्हणजे जो पुरता जात नाही, पण सतत उपचाराने आटोक्यात राहतो. इतकी जुनी ही समज असताना, एका सुईत दमा उतरविण्याची अपेक्षा आपण कोठून शिकलो?

दोष कोणाचा?

सारा दोष डॉक्टरांच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात बाकावर, पायऱ्यांवर, झाडाखाली रोगी बसलेले असतात. एकेकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. त्यात पंप हलवावा कसा, श्वास आधी सोडावा कसा, ओठ मिटून हळूहळू आत घेताना दाबावा कधी, मग दहापर्यंत आकडे मोजत श्वास रोखावा कसा आणि स्टेरॉइडच्या फवाऱ्यानंतर चूळ का भरावी, हे सारे सांगणार कोण? शिवाय रोग्यालाच सुई हवी असते. 'सुई दिली नाही तर तो डॉक्टर कसला' अशी आपल्या गावांची कसोटी. सुई देणाऱ्याचा दवाखाना चालतो आणि समजावून सांगणारा माशा मारतो, अशी स्थिती असेल तर डॉक्टरही माणूसच आहे.

रोगाचे नाव न उच्चारण्यातही दोन्ही पक्षांची संमती असते. मुलगी लग्नाची असली की आईबाप डॉक्टरला विनवितात, "दमा म्हणू नका, ॲलर्जी म्हणा." डॉक्टर तसे लिहितो. मुलगी सासरी जाते आणि पंप ट्रंकेच्या तळाशी लपतो. चुलीपुढे धाप लागली तर ती कामचुकार ठरते. ज्या रोगाचे नाव घ्यावयाचे नाही त्याचे औषध रोज सर्वांदेखत घ्यावे कसे?

मग माणसे दुसरे दार ठोठावतात. कोजागरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध देणारे ठिकठिकाणी आहेत. मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादेस जाऊन जिवंत माशातून औषध गिळणारे आपल्याकडेही आहेत. त्यांची टवाळी करण्यात मला स्वारस्य नाही. या उपायांनी दमा हटतो असा पुरावा नाही, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. पण जेथे डॉक्टर मान वर करून पाहत नाही, तेथे रात्रभर पंक्तीत बसवून, पथ्य सांगून, पुढल्या वर्षी पुन्हा या म्हणणारा माणूस रोग्याला जवळचा वाटणारच. त्याच्याजवळ औषध नाही, पण वेळ आहे. आमच्या डॉक्टरांजवळ औषध आहे, पण वेळ नाही.

तेरा आणि चाळीस

या बेपर्वाईची किंमत आकड्यांत दिसते. जगातील रोगभाराच्या २०१९ च्या अंदाजानुसार दम्याच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी भारताचा वाटा मात्र ४० टक्क्यांहून अधिक आहे. रोगी तेरा आणि मृत्यू चाळीस, ही तफावत हवामानाची नाही, ती उपचाराची आहे. नऊ शहरांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने तिचे कारणही दाखविले. दम्याची लक्षणे असलेल्या दहांपैकी आठ जणांना आपल्याला दमा आहे असे कोणी सांगितलेलेच नव्हते, आणि श्वासातून रोज स्टेरॉइड घेणारे शंभरात तीनसुद्धा नव्हते. त्या पाहणीत पुण्याचा समावेश होता. पुण्यासारख्या ठिकाणांची ही कथा, तर पाथर्डी, जामखेड, अकोल्याची काय असेल?

आपला अहिल्यानगर जिल्हा, लोकांच्या तोंडी अजूनही नगरच, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. उत्तरेला पाटपाण्याचा ऊस, दक्षिणेला पर्जन्यछायेतील ज्वारी-बाजरीचे माळ. उत्तरेला तोडणीनंतर पाचट पेटविले जाते, दक्षिणेला खळ्यांचा भुसा आणि उघड्या रानाची धूळ उडते. पडीक जमिनीवर गाजरगवत माजलेले असते, आणि घराघरांत, गॅस आला असला तरी, तुऱ्हाट्या नि गोवऱ्यांची चूल अजून पेटते. दमेकऱ्याला यांपैकी प्रत्येक गोष्ट बाधू शकते. त्यात दक्षिणेकडील तालुक्यांतून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि ऐन थंडीत कोपीत राहतात. पहाटेच्या गारठ्यात मोळ्या वाहणाऱ्या या माणसाचा ना ठरलेला दवाखाना, ना ठरलेला डॉक्टर. खाडा झाला तर पैसे कापले जातात. त्याला एका सुईत उभे राहावयाचे असते आणि ते त्याला मिळते. पुन्हा आठ दिवसांनी दुसऱ्या गावी दुसरी सुई.

जामखेडचा धडा

तरीही ज्या जिल्ह्यात हे घडते, त्याच जिल्ह्याने यावरचा उपाय अर्ध्या शतकापूर्वी जगाला दाखविला आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्य सेविका केले. बाळंतपण कसे सांभाळावे, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, हे त्या शिकल्या आणि गावाला शिकवू लागल्या. जुलाबात मुलाचे पाणी तोडण्याची घातक रूढी डॉक्टरच्या भाषणाने मोडली नसती. शेजारच्या आक्काने आपल्या हाताने पाणी पाजून दाखविले, तेव्हा ती मोडली. हजारी पावणेदोनशेच्या आसपास असलेले त्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण काही दशकांत त्याच्या लहानशा अंशावर आले. १९७९ साली या दाम्पत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले आणि देशोदेशीचे लोक जामखेडला शिकावयास येऊ लागले.

जामखेडचे सार असे की, ज्ञान ही डॉक्टरची खासगी मालमत्ता नव्हे. दम्याला नेमके हेच सूत्र लागू पडते. पंप घेण्याची रीत शिकविण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. शिकविणाऱ्याला ती स्वतःला यावी लागते आणि समोरच्याच्या हातात पंप देऊन 'घेऊन दाखवा' म्हणण्याइतका वेळ असावा लागतो. आज गावोगावी आशा सेविका आहेत. क्षयाच्या रोग्याची नावनिशी सरकारजवळ असते, औषध मोफत मिळते, तो आला नाही तर त्याच्या घरी कोणी जाते. क्षयासाठी जी यंत्रणा उभी राहू शकली, ती दम्यासाठी का नाही? दमा संसर्गजन्य नाही, त्यापासून इतरांना भय नाही, म्हणून तर नव्हे?

शासनाने काहीच केले नाही असे नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. बुडेसोनाइड आणि बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हे रोज घ्यावयाचे फवारे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या सूचीत आहेत. परंतु सूचीतील औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात बारा महिने असावयास हवे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची रचना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. दमेकरी खाटेवर आडवा झाला की शासन खर्च उचलते. तो आडवा होऊ नये म्हणून लागणाऱ्या पंपाचा खर्च मात्र, केंद्रात तो नसेल तर, ज्याचा त्याने करावयाचा. हे शहाणपणाचे अर्थकारण नव्हे. फिनलंडने १९९४ ते २००४ अशी दहा वर्षे दम्याचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविला. लवकर निदान, रोजचे औषध आणि रोग्याचे शिक्षण यांवर भर दिला. त्या अवधीत दम्यासाठी रुग्णालयात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून कमी झाले.

मागण्या चार

नगर जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर मागण्या मोठ्या नाहीत. पहिली, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रोजच्या उपचाराचे आणि तात्पुरत्या आरामाचे असे दोन्ही फवारे अखंड असावेत. मुलांसाठी आणि वृद्धांसाठी फवाऱ्याला जोडावयाचे स्पेसरचे नळकांडे असावे. ते नसेल तर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली नीट बसवून तेच काम होते, हे केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली सिद्ध केले आहे. दुसरी, फुंकर मारून श्वासाचा जोर मोजणारे पीक फ्लो मीटर हे स्वस्त साधन प्रत्येक केंद्रात असावे आणि त्याची नोंद रोग्याच्या कागदावर व्हावी. तिसरी, आशा सेविकांना पंपाची रीत शिकवावी आणि दमेकऱ्यांची गाववार यादी त्यांच्याजवळ असावी. चौथी, ऊसतोडीला जाणाऱ्या दमेकऱ्याजवळ रोगाचे नाव, औषधाचे नाव व मात्रा लिहिलेले मराठी कार्ड असावे. ते पाहून कोणत्याही गावच्या डॉक्टरने पुढचा उपचार करावा, आणि साखर कारखान्यांनी हंगामात तळावर त्याची सोय करावी. सहकाराचा एवढा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात हे जड जाऊ नये.

रोग्याचेही काही कर्तव्य आहे. पुडीत काय आहे हे विचारण्याचा त्याला हक्क आहे, तो त्याने बजावावा. रोगाचे नाव कागदावर लिहून मागावे. बरे वाटते म्हणून रोजचा फवारा सोडू नये. एक वाक्य एका दमात बोलता येईनासे झाले, ओठ निळसर पडू लागले, नेहमीच्या फवाऱ्याने उतार पडेना, तर उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे प्राणवायू, सुई, स्टेरॉइड या साऱ्यांना स्थान आहे. सुईशी वैर नाही. सुईलाच उपचार समजण्याशी वैर आहे.

माझी आई गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. तिच्या अखेरच्या काळात शहरातील त्या डॉक्टरांनी पंप कसा घ्यावयाचा हे तिला शिकविले. समोर बसून तीन वेळा तिच्याकडून करवून घेतले. पुढे कित्येक महिन्यांनी ती प्रथमच रात्रभर आडवी होऊन झोपली. सकाळी उठल्यावर तिने विचारले, "हे आधी कुणी का नाही सांगितलं?" तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्यांच्याजवळ ते असावयास हवे, त्यांच्यापुढे तो प्रश्न ठेवावा, एवढ्यासाठीच हा लेख.